घाबरलेला ज्येष्ठ नागरिक

सकाळी पेपर आला की लोक बातम्या वाचतात. मी त्यात गिऱ्हाईक शोधायचो.

पारा चढल्याची बातमी असली की मला उन्हाचं काही वाटायचं नाही. टेबलावर पाण्याचा ग्लास, ग्लासावर थेंब, मागे धूसर पांढरी भिंत, एवढंच डोळ्यापुढे यायचं. कुठल्या कंपनीनं माणसं कमी केली की लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेला माणूस दिसायचा. डेंग्यू म्हणजे थर्मामीटर. निवडणूक म्हणजे शाई लावलेलं बोट. घटस्फोट वाढले म्हणजे सोफ्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेलं जोडपं. बायको समोर बसून चहा पीत हे सगळं ऐकायची. एकदा ती म्हणाली, "एखाद्या दिवशी माझ्या मरणाची बातमी येईन, तं तुम्ही फुलं कोणत्या रंगाची घ्याची याचाच विचार करान."

मी म्हणालो, "पांढरी. मजकूर टाकायला जागा राहते."

ती हसली नाही. मीही गंमत करत नव्हतो.

त्याआधी बरीच वर्षं मी इथल्या एका पेपरात फोटोग्राफर होतो. मोर्चे, अपघात, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मागण्या घेऊन मंडप टाकून बसलेली माणसं, हे माझं काम. मग मालकांच्या लक्षात आलं की मोबाइल तर प्रत्येक बातमीदाराच्या खिशात आहे, आणि आमचा विभाग बंद झाला. हात रिकामे बसेनात म्हणून मी स्टॉक फोटोंच्या धंद्यात उतरलो. म्हणजे कोणासाठीही न काढलेले आणि कुठेही चालतील असे फोटो काढायचे, ते एका परदेशी वेबसाइटवर चढवायचे, आणि ज्याला लागेल तो ते विकत घेऊन आपल्या जाहिरातीत, लेखात, पत्रकात चिकटवणार. फोटो जितका कमी खरा तितका जास्त खपतो, हे ज्ञान मला कोणी दिलं नाही, ते मी फोटो नाकारले जाण्याच्या निरोपांतून मिळवलं.

या धंद्यात आमचा एक ऑनलाइन गुरूही होता. दर रविवारी स्क्रीनवर यायचा. त्याच्यामागे पुस्तकं रंगांप्रमाणे लावलेली असत. लाल एका ओळीत, निळी दुसऱ्या ओळीत. ज्याला पुस्तक उघडायचं आहे तो माणूस ते असं लावत नाही. "न्यूज देखो, दोस्तों," तो म्हणायचा, "खबर में से इमोशन निकालो, और खबर फेंक दो." आम्ही सगळे माना डोलवायचो. कुठून कुठून जमलेली, नोकऱ्या गेलेली, दाढी वाढलेली माणसं आम्ही. आणि एकजात बातमी फेकून द्यायला शिकत होतो.

सुरुवातीला मी मूर्खासारखे खरे फोटो पाठवले. संत्र्याच्या शहरात राहतो म्हणून संत्री काढली. आमचं संत्रं सैल सालीचं, जरा हिरवट, बुडाशी चेपलेलं, हातात घेतलं की आत हलतं. नाकारलं. 'फळाची प्रत योग्य नाही.' मग सुपरबाजारातून स्टिकर लावलेला, मेण फासल्यासारखा परदेशी माल्टा आणला, त्याचे दोन काप केले, बाजूला पुदिन्याची काडी ठेवली. तो खपला. उन्हाळ्याचा फोटो म्हणून सीताबर्डीच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या स्कूटीवरच्या मुली काढल्या, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्टोल गुंडाळलेल्या, फक्त डोळे उघडे. उन्हाळ्यात आमच्या शहराचा चेहरा तोच. नाकारलं. 'चेहरा झाकलेला असल्याने भाव कळत नाही.'

आमचं घर छप्पन सालच्या दीक्षेतलं. गुरूनं 'भारतीय सण' हा विषय दिला तेव्हा मी आमचा सण काढला. दीक्षाभूमीवर गावोगावहून आलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, डोक्यावर बोचकी, आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे ही गर्दी. एक म्हातारी बाई बोचकं पायांत दाबून, उभ्या उभ्या पुस्तक वाचत होती, धक्के खात. इतकं चांगलं चित्र माझ्या हातून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. उत्तर आलं : 'सणाचा भाव जाणवत नाही. पणत्या, मिठाई, रांगोळी यांचा विचार करावा.' जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेलं एक पोरगं मला आमचा सण कसा असतो ते शिकवत होतं. मी चार शिव्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात पणत्या लावून शेजारणीच्या मुलीला पिवळा ड्रेस घालून बसवलं. खपला तोही.

आणि मग मला भाऊजी सापडले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर जन्म घालवला आणि निवृत्त झाले. वसाहतीला लागूनच, तिथूनच निवृत्त झालेल्या माणसांनी प्लॉट घेऊन घरं बांधली आहेत, त्यांतलं एक त्यांचं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, ती झटकत झटकत ताईचा संसार झाला. भाऊजींची पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र, आणि मिशी अशी की कोणत्याही जाहिरातवाल्यानं पायावर लोटांगण घालावं. त्यांना उभं राहायला सांगितलं की ते उभे राहत, हसायला सांगितलं की हसत. बाजाराला असाच म्हातारा हवा होता.

बघता बघता भाऊजी भारताचे ज्येष्ठ नागरिक झाले. गुडघेदुखीच्या तेलावर ते गुडघा धरून बसले. श्रवणयंत्राच्या पत्रकावर कानामागे हात लावून उभे राहिले. एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर ते कोण्या परक्या आजीबाईच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. ती बाई कोणीतरी दुसऱ्याच फोटोतून कापून आणून त्यांच्याजवळ चिकटवली होती. ताईनं ते कॅलेंडर पाहिलं आणि विचारलं, "हे कोण वं बाई?" भाऊजी म्हणाले, "मले काय माहीत? माझी तं ओळखबी करून दिली नाही." बद्धकोष्ठाच्या चूर्णावर ते आले तेव्हा मात्र त्यांनी मला फोन केला. "काय गा, एवढं चांगलं तोंड, अन् हे कोठी लावलं?" पण आवाजात राग नव्हता. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळात त्यांचा भाव वाढला होता.

त्याच सुमाराला पेपरात डिजिटल अरेस्टच्या बातम्या रोज येऊ लागल्या. पोलिसाचे कपडे घातलेला कोणी भामटा व्हिडिओ कॉल करतो, तुमच्या नावानं गुन्हा दाखल झाला आहे म्हणतो, फोन बंद केला तर दारात गाडी येईल म्हणतो, आणि माणूस आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत कैदी होऊन बसतो. खातं रिकामं केल्यावर सुटतो. मी ती बातमी वाचली आणि मला त्या माणसाची दया आली नाही. मला खुर्ची दिसली. खुर्ची, खिडकीतून येणारा तिरपा उजेड, कानाला फोन, कपाळावर घाम. गुरू म्हणाला असता, वाह.

दुपारीच कोराडीला गेलो. भाऊजींना खुर्चीत बसवलं, हातात फोन दिला आणि म्हणालो, "घाबरा."

भाऊजींना घाबरता येईना. फोन कानाला लावला की ते ठेकेदाराला झापत असल्यासारखे दिसत. "भाऊजी, समजा बॉयलर बंद पडला," मी म्हणालो.

"बॉयलर बंद पडला तं मी कायले घाबरू? लोकं मले बोलवत."

"बरं, समजा पोलीस आले."

"येऊ दे. चहा पाजू."

मी कंटाळून कॅमेरा खाली ठेवणार इतक्यात ताई आतून आली. तिच्या हातात संत्रा बर्फीचा डबा होता. भाऊजींना साखर आहे, आणि तो डबा इन्व्हर्टरच्या मागे सापडला होता. तिनं दारात उभं राहून डबा नुसता त्यांच्याकडे वर धरला. भाऊजींच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी टिपलं. फोटोला नाव दिलं : घाबरलेला ज्येष्ठ नागरिक. खाली कीवर्ड टाकले, वृद्ध, भारतीय, भीती, फसवणूक, एकटेपणा. वेबसाइटनं पहिल्याच फटक्यात घेतला. इतका भाव माझ्या कोणत्याच फोटोत त्यांना कधी दिसला नव्हता.

काही आठवडे गेले. एका सकाळी पेपर उघडला आणि पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात भाऊजी. बातमी अशी : शहराच्या उत्तर भागातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला डिजिटल अरेस्टमध्ये अडकवून फसवलं, संबंधितांची ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे. आणि या वाक्याच्या बरोबर वर, चार स्तंभांत, भाऊजींचं तोंड. फोटोच्या कोपऱ्यात 'प्रातिनिधिक छायाचित्र' असं छापलं होतं, पण ते वाचायला भिंग लागलं असतं. हा माझाच जुना पेपर. पगारी फोटोग्राफर परवडत नाही म्हणून ज्यांनी मला घरी बसवलं, त्यांनी माझाच फोटो परदेशातून विकत आणला होता, आणि तो कोणाचा हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

ताईचा फोन यायला वेळ लागला नाही. "तुले काही अक्कल आहे का गा? इथं लोकं सांत्वनाले येऊन राहिले!"

मला वाटलं, अतिशयोक्ती करते आहे. गेलो, तर खरंच. दारात चपला. आत मंडळातले चार जण चेहरे पाडून बसलेले. मागच्या गल्लीतल्या बाईंनी डबा आणला होता, घरात कोणी गेलं की आणतात तसा. एक जण भाऊजींचा हात हातात घेऊन सांगत होता, "जाऊ द्या भाऊ. तब्येत महत्त्वाची."

"अरे, पण मी फसलोच नाही!" भाऊजी ओरडले. "तो फोटो माझ्या साळ्यानं काढला, या खुर्चीवर!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांतला वयानं मोठा हळूच म्हणाला, "बरोबर आहे. असंच सांगा. पोरायले कळलं तं उगाच त्रास."

मी लॅपटॉप उघडला. त्या दुपारचे सगळे फोटो एकामागून एक दाखवले. झापणारे भाऊजी, हसणारे भाऊजी, पाणी पिणारे भाऊजी, शेवटी घाबरलेले. मंडळींनी मन लावून पाहिले. एकानं विचारलं, "म्हणजे फोन आला तेव्हा तुम्ही इथंच होते?" दुसरा म्हणाला, "अन् मदत कराची सोडून फोटो काढत बसले?" त्या घरातून मी बाहेर पडलो तो फसवणूक करणाऱ्यांपेक्षाही हलका माणूस ठरून. सुशिक्षित, इंजिनिअर, आयुष्यभर मीटर वाचून निर्णय घेतलेली माणसं ही. पण पेपरात तोंड छापून आलं म्हणजे ते खरंच असणार, आणि घरातला माणूस समोर बसून नाही म्हणतो म्हणजे तो लपवतो आहे, हा त्यांचा हिशेब कोणत्याही पुराव्यानं हलणारा नव्हता.

मी जुन्या पेपरच्या कचेरीत गेलो. माझ्या वेळी टेबलाशी उभं राहून चहा मागणारा एक जण आता तिथे वृत्तसंपादक आहे. त्यानं आदरानं बसवलं, सगळं ऐकलं, हळहळला, म्हणाला, "उद्याच खुलासा छापतो." छापला. दोन ओळी : अमुक दिवशीच्या बातमीतल्या छायाचित्रातील व्यक्तीचा घटनेशी संबंध नाही. आणि लोकांना कोणतं छायाचित्र ते कळावं म्हणून शेजारी तेच छायाचित्र, या वेळी रंगीत. पहिल्या दिवशी ज्यांनी पेपर वाचला नव्हता त्या सगळ्यांना आता भाऊजी फसल्याचं कळलं. भाऊजींच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, बाबांचा फोन काढून घ्या. भाऊजी फोन खिशात घालून गच्चीवर जाऊन बसले.

त्यांनी फिरायला जाणं सोडलं. गुडघा, बद्धकोष्ठ, बहिरेपण, सगळं हसत अंगावर घेतलेल्या माणसाला 'फसला' हे मात्र सोसेना. "मले म्हातारा म्हटलं तं चालते," ते मला म्हणाले. "पण मूर्ख?"

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी तिकडे गेलो. ताईचा राग निवलेला नव्हता, पण कूलरची मोटर बिघडली होती आणि ती बसवायला दुसरं कोणी नव्हतं. मोटर बसवून कूलर सुरू केला, आणि मी आणि भाऊजी त्याच्यासमोर बसलो, तेवढ्यात समोरच्या घरातले साहेब आले.

हे साहेब वीज केंद्राच्या भांडारात मोठ्या पदावर होते. साधा एक बोल्ट द्यायचा तरी सह्यांवर सह्या मागायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूरदेशी. सकाळच्या मंडळात ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, असं व्याख्यान तेच द्यायचे. त्यामुळे ते दारात दिसले तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. आता एवढंच राहिलं होतं.

साहेब बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हवा-पाण्याचं बोलले. कूलरला नवीन वाळा टाकला का विचारलं. मी उठायच्या बेतात होतो, तेव्हा त्यांनी कूलरकडे बघत विचारलं, "तुमच्यावाला पोलिसाच्या कपड्यात होता, का वकिलाच्या?"

भाऊजी उसळून बोलणार होते. त्यांचं 'अहो साहेब, मी' एवढं निघालंही. साहेबांना ते ऐकू गेलं नाही.

"माझावाला पोलीस होता," ते म्हणाले. "मागं झेंडा. सगळं खरं वाटे. फोन बंद कराचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही. संडासले जायचं तं विचारून जा म्हणे. मी विचारलं. 'सर, जाऊ का?' असं विचारलं मी त्याले, भाऊ. माझ्या पोराच्या वयाचा होता तो."

मी पेपरात असताना रडणारी, किंचाळणारी, छाती बडवणारी माणसं पोटासाठी टिपली आहेत, आणि स्टॉकसाठी कपाळावर पाण्याचे थेंब मारून भीती तयार केली आहे. इथे यातलं काही नव्हतं. साहेबांचा चेहरा बसस्टॉपवर उभ्या माणसाचा असतो तसा होता. बटण लावलेलं, केस विंचरलेले. वेबसाइटनं तो 'भाव अस्पष्ट' म्हणून परत पाठवला असता, आणि माझ्या गुरूनं तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

"कोणाले सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "पोराले बी नाही. मीच सगळ्यायले शिकवत फिरतो न. मग पेपरात तुम्ही दिसले." ते पहिल्यांदा भाऊजींकडे वळले. "वाटलं, चला, एकटा नाही आपण."

माझ्या मनात आलं, आता भाऊजी खरं सांगतील. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी ते जिवाचं रान करत होते, ते सांगायची वेळ याहून चांगली कोणती? फोटो माझा, लॅपटॉप पिशवीत होता, मी पुरावा द्यायला तयार होतो. भाऊजी मिशीवरून हात फिरवत बसले. कूलर घरघरत होता.

मग ते म्हणाले, "मी बी विचारलं, साहेब. संडासले जातानी."

साहेबांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. इतका मोठा श्वास की मला वाटलं, हा माणूस कित्येक आठवडे श्वास धरूनच बसला होता.

ताई पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. माझ्या बहिणीला मी जन्मापासून ओळखतो. चार आण्याचं खोटं तिला खपत नाही, आणि नवरा फसला नाही हे सांगत ती आठवडाभर गल्ली पालथी घालत होती. मला वाटलं, आता ट्रे आपटते. तिनं ट्रे हळूच ठेवला, साहेबांच्या हातात ग्लास दिला आणि म्हणाली, "यायनं तं मलेबी सांगितलं नव्हतं, भाऊ. पेपरातच कळलं."

साहेबांनी पन्हं संपवलं. दुसरा ग्लास मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी त्यांना घेऊन सायबर पोलिसांकडे गेले, मी गाडी चालवायला. मुलाला फोन आधी लावायचा की नंतर, यावर दोघांचं मागच्या सीटवर वाटभर चाललं होतं. शेवटी मानकापूरजवळ गाडी बाजूला घ्यायला लावून साहेबांनी मुलाला फोन केला. आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो. कोळशाचे ट्रक जात होते. काचेतून दिसत होतं, साहेब बोलत होते, मग नुसते ऐकत होते, मग हातरुमाल काढला. काच खाली करून एवढंच म्हणाले, "येतो म्हणते."

ठाण्यातल्या तरुण बाईंनी तक्रार नीट लिहून घेतली, एकदाही हसल्या नाहीत, आधी का आला नाहीत म्हणून दटावलं नाही. मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "आणि काका, तुमची? पेपरात फोटो पाहिला मी तुमचा."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो.

"माझी मी वेगळी देतो, मॅडम," ते म्हणाले. "आधी साहेबायची होऊ द्या."

साहेबांचं जे गेलं त्यातलं अजून काही हाती लागलेलं नाही. ज्या खात्यांतून ते गेलं ती कुठल्या कुठल्या गावातल्या गरिबांच्या नावावर निघाली, असं तपासवाले सांगतात. मुलगा मात्र खरंच आला, महिनाभर राहिला, आणि जाताना ताईच्या पाया पडून गेला. ताईनं त्याला पाठीत धपका घातला, इतके दिवस कुठं होतास म्हणून.

त्या दिवसापासून भाऊजी अधिकृतपणे फसलेले आहेत. मुलीला खरं सांगितलं, पण बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद देऊन, आणि तीही रागानं दोन दिवस बोलली नाही, कारण वडील फसले नाहीत तरी खोटं बोलतात, हे तिला जास्त लागलं. मी फोटो वेबसाइटवरून काढला. त्यानं काही होत नाही. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे तो राहणारच. परवाच एका बँकेच्या एटीएममध्ये तो चिकटवलेला दिसला, खाली 'सावध राहा'. धंदा मी सोडलेला नाही. फुशारकी मारावी असं काही माझ्याकडे नाही. पाण्याचे ग्लास काढतो, माल्टे काढतो, हातात हात काढतो. माणसांची तोंडं काढत नाही, एवढंच. आणि त्यामुळे धंदा बसला आहे.

मधे एकदा सकाळी मी कोराडीला मुक्कामी होतो, तेव्हा मंडळाबरोबर फिरायला गेलो. व्याख्यान आता भाऊजी देतात. तलावाच्या बाजूच्या कट्ट्यावर सगळे बसले होते आणि भाऊजी आपल्या अटकेची गोष्ट सांगत होते. ती दर वेळी वाढते, असं ताईनं मला सांगितलंच होतं. आता त्यात एक न्यायाधीशही आला होता, पांढऱ्या केसांच्या टोपासकट.

"न्यायाधीश मले म्हणते, तुम्हाले जामीन पाहिजे का? मी म्हटलं—"

"न्यायाधीश असं बोलत नाही, भाऊ," शेजारी बसलेले साहेब शांतपणे म्हणाले. "ते मधात पोलीसच बोलते. न्यायाधीश नुसता मान हलवते."

सगळे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला.

"तुमच्यावाले येगळे असतीन," ते म्हणाले.

"असतीन," साहेब म्हणाले, आणि थोडं सरकून त्यांनी भाऊजींना सावलीत जागा करून दिली. "पुढं सांगा."